माजी सैनिकांसाठी रस्त्यावर डबा घेऊन उभं राहायचंय? ब्रिटनमधल्या परवान्याची पूर्ण माहिती

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडमधल्या एका मध्यम गावात राहणाऱ्या आठ-दहा माजी सैनिकांना नोव्हेंबरमधल्या एखाद्या शनिवारी हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावच्या मुख्य बाजाररस्त्यावर, देणगीचे डबे घेऊन उभं राहायचंय. अडचणीतल्या जुन्या सहकाऱ्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पैसे जमवायचेत. गट नोंदणीकृत चॅरिटी नाही. परवाना कोणाकडून घ्यायचा, किती आधी, खर्च किती, आणि पदकं लावून उभं राहिलं तर चालतं का?

परवाना लागतो, फी लागत नाही, अर्ज किमान एक महिना आधी द्यावा लागतो. खरी अडचण येते ती हवी ती तारीख मिळवताना आणि नंतर हिशेब देताना. डबा घेऊन उभं राहण्याचा मधला दिवस त्या मानाने सोपा.

हे सगळं ज्या कायद्यावर उभं आहे तो १९१६चा, म्हणजे पहिल्या महायुद्धातला. नाव लांबलचक आहे: पोलीस, फॅक्टरीज इत्यादी (संकीर्ण तरतुदी) कायदा. त्याचं कलम ५ आपल्या कामाचं. १९१२मध्ये लंडनला अलेक्झांड्रा रोझ डे सुरू झाला, रस्त्यात कृत्रिम फुलं देऊन पैसे घ्यायची पद्धत रुळली, आणि युद्ध लागल्यावर जखमींसाठी, युद्धकैद्यांसाठी असे ‘फ्लॅग डे’ भराभर वाढले. त्यांना वेसण घालायला हे कलम आलं. त्यात शब्द आहेत ‘धर्मादाय किंवा इतर हेतूंसाठी’. त्यामुळे ‘आम्ही चॅरिटी नाही, नुसती मित्रमंडळी आहोत, मग आम्हाला कशाला परवाना?’ ही पळवाट चालत नाही. रस्त्यात किंवा सार्वजनिक जागी लोकांकडून पैसे घेतले किंवा त्या नावाने वस्तू विकल्या की परवाना हवाच.

तपशील प्रत्येक कौन्सिलच्या स्वतःच्या नियमावलीत असतात. बहुतेकांनी १९७४च्या सरकारी आदेशातला नमुना जवळपास तसाच उचलला आहे, त्यामुळे खाली दिलेले आकडे त्या नमुन्यातले आहेत. काही कौन्सिलांनी वय, अंतर असे एक-दोन आकडे बदलले आहेत. म्हणून अर्जाबरोबर मिळणारी नियमावली एकदा बसून वाचा. दोन-तीन पानांचीच असते.

अर्ज कुठे करायचा, इथे पहिली चूक होते. बाजारचौकाची देखभाल टाउन कौन्सिल करते म्हणून लोक तिथे जातात, किंवा रस्ते काउंटीकडे म्हणून काउंटी कौन्सिलला लिहितात. दोन्हीकडे आठवडा फुकट जातो. जिथे दोन पातळ्यांचा कारभार आहे तिथे अधिकार डिस्ट्रिक्ट किंवा बरो कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागाचा. एकच कौन्सिल असेल तर तिचाच. लंडनमध्ये मात्र बरोकडे जाऊन उपयोग नाही, तिथे परवाना मेट्रोपॉलिटन पोलीस देतात, आणि सिटी ऑफ लंडनच्या चौरस मैलात सिटीचं कॉर्पोरेशन. स्कॉटलंडमध्ये कायदाच वेगळा, १९८२चा, पण अर्ज कौन्सिललाच. उत्तर आयर्लंडमध्ये पोलिसांकडे. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं.

आता तारीख. लायसन्सिंग विभागाकडे वर्षाची एक डायरी असते. बहुतेक गावांत एका दिवशी एकाच संस्थेला परवाना देतात, आणि एका संस्थेला वर्षातून एक-दोनच दिवस. कायद्यात असं कुठे लिहिलेलं नाही, हे कौन्सिलचं धोरण. पण ते मोडून परवाना मिळेल अशी आशा धरू नका. नोव्हेंबरचा दुसरा रविवार हा स्मरणदिनाचा रविवार. त्याआधीचे दोन आठवडे रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेच्या पॉपी अपीलसाठी (लाल पॉपीचं फूल देऊन निधी जमवण्याच्या मोहिमेसाठी) जवळपास सगळीकडे राखलेले असतात. लीजन १९२१पासून हे करत आली आहे, त्यामुळे तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी अर्ज टाकलात तर शनिवार आधीच गेलेला असेल. डिसेंबरचे शनिवार ख्रिसमसच्या संकलनांनी भरलेले. एक महिना ही कायद्याने सांगितलेली किमान मुदत आहे, त्या वेळी डायरीत जागा असेलच असं नाही. पुढच्या वर्षाची डायरी कधी उघडते हे लायसन्सिंगला फोन करून विचारा आणि त्या आठवड्यातच अर्ज द्या. विशेष कारण असेल तर महिन्याची अट शिथिल करता येते, पण ‘आम्हाला उशिरा सुचलं’ हे विशेष कारण धरलं जात नाही.

नोव्हेंबरचा हट्ट सोडायची तयारी असेल तर जूनचा शेवटचा शनिवार पाहा. तो सशस्त्र सेना दिन, लोकांच्या मनात सैनिक असतातच. १५ ऑगस्ट हा जपानवरच्या विजयाचा दिवस. कोहिमा-इम्फाळची लढाई लढलेल्या भारतीय पलटणींशी नातं सांगणाऱ्या गटाला तो जास्त शोभतो, आणि त्या दिवसासाठी ओढाताण कमी असते. शनिवारच हवा असंही नाही. आठवडी बाजाराचा बुधवार किंवा गुरुवार असेल तर ती गर्दी वयस्क, निवांत आणि खिशात सुटे पैसे असणारी.

नोव्हेंबरच हवा असेल तर सरळ रस्ता वेगळा आहे: लीजनच्या स्थानिक शाखेला आपले आठ-दहा जण स्वयंसेवक म्हणून द्या. परवाना त्यांचा, डबे त्यांचे, हिशेब त्यांचा. पैसेही अर्थात त्यांच्या निधीत जातात. स्वतः लाल कागदाची पॉपी बनवून विकायचा विचार मात्र करू नका. दोन पाकळ्यांची ती पॉपी लीजनचं नोंदलेलं व्यापारचिन्ह आहे, आणि २०१८मध्ये अविभक्त भारताच्या सैनिकांच्या स्मरणार्थ निघालेली खादीची पॉपीही लीजनचीच.

अर्जात नावं, पत्ते, तारीख, वेळ, रस्ते, किती जण उभे राहणार, पैसे कोणासाठी आणि खर्च किती अपेक्षित, एवढं विचारतात. जिच्या नावाने परवाना निघतो ती व्यक्ती ‘प्रमोटर’, आणि पुढची सगळी जबाबदारी तिची. म्हणून हे नाव गटातल्या सगळ्यात मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं न देता सगळ्यात नेटक्या माणसाचं द्या. निवृत्त सुभेदारसाहेबांचा मान मोठा, पण महिन्याभरात हिशेब कोण भरणार आहे ते पाहा.

तुमचा गट नोंदणीकृत नाही, हा अर्ज अडकण्याचा मुख्य मुद्दा. नोंदणी नसणं बेकायदेशीर नाही. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाचं उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेलं की चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करायची असते. पण लायसन्सिंग अधिकाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं की जमलेले पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि तिथून कोण काढू शकणार. एखाद्याच्या वैयक्तिक खात्याचा क्रमांक दिलात की अर्ज बाजूला पडतो. पहिल्या वर्षी एखाद्या नोंदणीकृत सैनिक-कल्याण संस्थेसाठी जमवणं उत्तम. त्या संस्थेकडून लेटरहेडवर पत्र घ्या: अमुक गट अमुक तारखेला आमच्यासाठी निधी गोळा करणार आहे, आमची संमती आहे, आमचा नोंदणी क्रमांक हा. हे पत्र नसणं हे अर्ज परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण. स्वतःच्याच निधीसाठी जमवायचं असेल तर आधी एका पानाची का होईना घटना, गटाच्या नावाचं बँक खातं आणि दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सोय करा. आणि नोंदणी नसताना डब्यावर किंवा बॅनरवर ‘नोंदणीकृत चॅरिटी’ लिहू नका, तो वेगळा गुन्हा आहे.

पैसे भारतातल्या वीरपत्नींसाठी पाठवायचे असतील तर ब्रिटनच्या बाजूने त्याला हरकत नाही, फक्त अर्जात आणि डब्यावर तसं स्पष्ट हवं. अडचण भारताच्या बाजूने येते. तिथल्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच येऊ शकतात. गावच्या माजी सैनिक मंडळाकडे हे नसेल तर पैसे ब्रिटनमध्येच अडकतात आणि कौन्सिल विचारते, जमवले ते गेले कुठे? डबे घ्यायच्या आधी हे तपासा.

जागेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सुपरमार्केटच्या दारातली किंवा शॉपिंग सेंटरमधली जागा खासगी असते, तिथे मालकाची लेखी परवानगी हवी. दुकानाच्या आत उभं राहिलात तर कौन्सिलचा परवाना लागत नाही; पण दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत लोक सर्रास ये-जा करत असतील तर ती सार्वजनिक जागा ठरू शकते, आणि मग दोन्ही कागद लागतात. शंका असेल तर नकाशावर फुली मारून लायसन्सिंगला पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. रेल्वे स्टेशनसाठी स्टेशन चालवणाऱ्यांची परवानगी. फुटपाथवर टेबल किंवा तंबू टाकायचा असेल तर परवान्यात तो आपोआप येत नाही, वेगळं विचारावं लागतं, आणि बऱ्याच कौन्सिल मग ५० लाख पौंडांचा सार्वजनिक दायित्व विमा मागतात. टेबल नसलेलंच बरं.

बॅज किंवा रिबिनी विकायच्या असतील तर हाच परवाना पुरतो. त्यासाठी फेरीवाल्याचा परवाना वेगळा घ्यावा लागत नाही. रॅफलची, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीची, तिकिटं मात्र यात येत नाहीत. त्याला जुगाराचा कायदा लागतो, कौन्सिलकडे छोट्या सोसायटीची लॉटरी म्हणून नोंद करावी लागते (पहिल्या वर्षी ४० पौंड, नंतर दरवर्षी २०). एकाच टेबलावर डबा आणि रॅफल ठेवून हिशेबाची खिचडी करू नका.

प्रत्यक्ष दिवशीचे नियम साधे आहेत. प्रत्येकाच्या खिशात प्रमोटरच्या सहीचं अधिकारपत्र हवं. पोलिसाने किंवा कौन्सिलच्या माणसाने मागितलं की तिथल्या तिथे दाखवायचं. ‘ते साहेबांकडे आहे’ हे उत्तर चालत नाही. सोळा वर्षांखालचं कोणी डबा धरायचा नाही, नातवंडं कौतुकाने शेजारी उभी राहिली तरी. एका जागी उभं राहायचं, फिरायचं नाही. दोघे मिळून एका ठिकाणी उभे राहू शकतात, पण पुढचा माणूस किंवा पुढची जोडी २५ मीटरवर हवी. २०० मीटरचा रस्ता असेल तर एका रेषेत नऊ ठिकाणं होतात, जोडीने उभे राहिलात तर अठरा माणसं. समोरच्या फुटपाथवर उभं राहून हे अंतर टळत नाही. अंतर माणसांमधलं मोजतात, आणि गावचा हाय स्ट्रीट क्वचितच २५ मीटर रुंद असतो. फुटपाथ असताना गाडीरस्त्यावर उतरायचं नाही. कोणाच्या मागे लागायचं नाही, वाट अडवायची नाही. डबा खडखडवण्यावर नमुना नियमावलीत थेट बंदी नाही, पण लोकांना त्रास होईल असं वागायला आहे, आणि तक्रार झाली तर बहुधा खडखडाटाचीच होते.

मिरवणुकीबरोबर परवाना घेतला असेल तर एका जागी उभं राहण्याची, २५ मीटरची आणि गाडीरस्त्याची अट कौन्सिल शिथिल करू शकते, पण अर्जात तसं मागावं लागतं. मिरवणुकीची सूचना पोलिसांना किमान सहा पूर्ण दिवस आधी लेखी द्यायची असते. दरवर्षी प्रथेने निघणाऱ्या मिरवणुकीला ती लागत नाही. युद्धस्मारकापाशी उघड्यावर भरलेल्या सभेत, सभेतल्याच लोकांकडून पैसे घेतले तर परवानाच लागत नाही. सभा संपल्यावर तोच डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर गेलात की लागतो.

आता डबा, कारण सगळा विश्वास त्यावर उभा आहे. प्रत्येक डब्यावर संस्थेचं नाव ठळक, प्रत्येक डब्याला ओळीने क्रमांक, आणि झाकण असं सील केलेलं की सील फाडल्याशिवाय उघडणार नाही. उघडी बादली चालत नाही. बादली वापरायची तर झाकणाला फक्त फट हवी आणि झाकण सील हवं. कागदी पट्टीचं सील झाकणावरून खाली डब्याच्या अंगापर्यंत चिकटवा आणि त्यावर आडवी सही करा, सहीचा अर्धा भाग कागदावर आणि अर्धा डब्यावर येईल अशी. नुसती सेलोटेप लावली तर ती अलगद सोडवून परत लावता येते, म्हणून ती सील धरत नाहीत. डबे देताना वहीत चार रकाने आखा: डबा क्रमांक, कोणाला दिला, परत कधी आला, सील शाबूत आहे का. संध्याकाळी डबा न उघडता प्रमोटरच्या हातात. वाटेत बसच्या भाड्यासाठी दोन पौंड काढून घेतले असं कधी होऊ देऊ नका. पैसे तर दोनच, पण सील फाटलेलं असतं.

डबे उघडताना प्रमोटर आणि आणखी एक जबाबदार व्यक्ती समोर हवी. नवरा-बायको नको, कायद्यात तसं नसलं तरी. एक डबा पूर्ण मोजून, रक्कम क्रमांकापुढे लिहून, मगच दुसरा उघडायचा. सगळे डबे एका ताटात ओतले की डब्यागणिक यादी देणं अशक्य, आणि कौन्सिल तीच यादी मागते. नाणी बँकेच्या पिशव्यांत भरताना स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. एक पौंडाची वीस नाणी १७५ ग्रॅम. ५० पेनीची वीस, म्हणजे दहा पौंड, १६० ग्रॅम. २० पेनीची पन्नास, हेही दहाच पौंड, २५० ग्रॅम. १० पेनीची आणि ५ पेनीची पिशवी प्रत्येकी पाच पौंडांची, आणि दोन्ही ३२५ ग्रॅम, कारण दहाचं नाणं पाचाच्या बरोबर दुप्पट वजनाचं आहे. तांब्याच्या नाण्यांची एक पौंडाची पिशवी ३५६ ग्रॅम, मग ती एक पेनीची असो वा दोनची. एखाद्या पिशवीचं वजन आठ-दहा ग्रॅमने हुकलं तर आत परदेशी नाणं किंवा बटण आहे असं समजा.

कार्डाचं यंत्र ठेवायचं असेल तर आधी कौन्सिलला कळवा. १९७४च्या नियमांना फक्त डबा माहीत आहे. यंत्रालाही डब्यासारखाच क्रमांक द्या, ते संस्थेच्या खात्याला जोडलेलं असू द्या, आणि त्यातली रक्कम हिशेबात वेगळी दाखवा. कोणाच्या धंद्याच्या खात्याला जोडलेलं उसनं यंत्र आणणं ही हमखास भांडणाची सुरुवात.

पोशाखाबद्दल. स्वतःची पदकं डाव्या छातीवर, वडिलांची किंवा आजोबांची उजव्या छातीवर, हा इथला संकेत. पदकं लावण्यावर आता कायद्याने बंदी नाही, पण न मिळालेली पदकं लावून लोकांकडून पैसे घेतले तर ती २००६च्या कायद्याखाली फसवणूक ठरू शकते. गणवेशाचं तसं नाही: १८९४चा युनिफॉर्म्स कायदा अजून लागू आहे, सेवेत नसलेल्याने ब्रिटिश लष्कराचा गणवेश किंवा तसा दिसणारा पोशाख परवानगीशिवाय घालायचा नाही. व्यवहारात ब्लेझर, टाय आणि बेरेट चालतात. कॅमोफ्लाज रंगाचा लष्करी कोट टाळा. तोतया सैनिक नेमके त्याच वेषात उभे राहत आले आहेत आणि पोलिसाची पहिली नजर तिकडेच जाते.

डबा धरणाऱ्याला एक पेनीही द्यायची नाही. इतर कोणाला जमलेल्या पैशातून काही द्यायचं तर कौन्सिलने आधी मंजूर केलेलं हवं. छपाई, सील, चहा यांचा खर्च शक्यतो गटाच्या खिशातून करा. याला दुसरंही कारण आहे. एचएमआरसीने (ब्रिटनच्या करखात्याने) मान्य केलेल्या चॅरिटीला छोट्या देणग्यांच्या योजनेतून ३० पौंडांपर्यंतच्या रोख आणि कॉन्टॅक्टलेस देणग्यांवर २५ टक्के जास्तीचे मिळतात, वर्षाला ८,००० पौंडांपर्यंतच्या देणग्यांवर, म्हणजे कमाल २,००० पौंड. पण त्यासाठी रोख रक्कम ब्रिटनमधल्या बँक खात्यात भरलेली असावी लागते, आणि त्याच वर्षी नेहमीच्या गिफ्ट एडचा (देणगीदाराने भरलेला कर चॅरिटीला मिळण्याच्या योजनेचा) दावाही हवा, कारण छोट्या देणग्या त्याच्या दहापटीपर्यंतच धरतात. डब्यातून परस्पर खर्च झालेले पैसे यातून सुटतात.

परवाना फक्त रस्त्याचा. घरोघरी किंवा एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये डबा फिरवायचा तर १९३९चा वेगळा कायदा आणि वेगळा परवाना. तिथे नकार मिळाला तर मंत्र्यांकडे १४ दिवसांत अपील आहे. रस्त्याच्या परवान्याला अपील नाही. थेट न्यायालयीन पुनर्विलोकन, जे एका शनिवारसाठी कोणी करत नाही. नकार आला तर कारण विचारा, बहुतेक वेळा तारखेचंच असतं, आणि दुसरी तारीख मागा.

विनापरवाना डबा धरला तर कायद्याने दंड जास्तीत जास्त २०० पौंड. त्यापेक्षा महाग पडतो तो न भरलेला हिशेब. संकलनानंतर एका महिन्याच्या आत कौन्सिलला तीन कागद जायला हवेत: जमा-खर्चाचा तक्ता, डबे धरणाऱ्यांची यादी, आणि डब्यागणिक रकमेची यादी. तक्त्यावर प्रमोटरची आणि पात्र लेखापालाची सही लागते. रक्कम लहान असेल तर बऱ्याच कौन्सिल गटाबाहेरच्या जबाबदार व्यक्तीची सही मान्य करतात, हे परवाना घेतानाच विचारून ठेवा. नमुना नियमावलीत हा हिशेब स्वखर्चाने स्थानिक वर्तमानपत्रात छापायचीही अट आहे. आता अनेक ठिकाणी ती माफ होते, पण माफी लेखी हवी. उशीर होणार असेल तर मुदत संपण्याआधी वाढवून मागा, सहसा मिळते. हे कागद पोचले नाहीत तर पुढच्या वर्षी अर्ज नाकारायला कौन्सिलला दुसरं कारण शोधावं लागत नाही. तेव्हा हिशेबाचं पाकीट द्यायला जाल त्याच खेपेला पुढच्या वर्षीची तारीखही डायरीत लिहून घ्या.